नोंदवही आणि नाममुद्रा

पुस्तक हातीं आलें म्हणजे वाचक प्रथम मुखपृष्ठ पाहतो, अर्पणपत्रिका वाचतो, प्रस्तावना बहुधा चाळतो. परंतु मुखपृष्ठाच्या मागील बाजूस बारीक टाइपांत छापलेली ओळ तो सहसा वाचीत नाहीं. मुद्रक, प्रकाशक, आवृत्ति आणि किंमत यांच्या शेजारीं ती बिचारी निमूटपणें उभी असते. टीकाकारहि तिच्याकडे लक्ष देत नाहीं. कादंबरीचें संविधानक, कवितेंतील कल्पना, नाटकांतील स्वभावपरिपोष यांची चर्चा आपण पानेंच्या पानें करतों. पण “सर्व हक्क स्वाधीन” या तीन शब्दांचा अर्थ काय, ते हक्क कोणीं दिले, कोणाच्या स्वाधीन आहेत, आणि ते स्वाधीन होण्यासाठीं लेखकानें काय करावें लागतें, हा प्रश्न वाङ्मयविवेचनाच्या कक्षेंत येतो असें आपणांस वाटत नाहीं. प्रस्तुत लेखांत मी त्या एका ओळीचेंच परीक्षण करणार आहें. मराठी लेखकवर्गाच्या मनांत दीडशें वर्षें ठाण मांडून बसलेल्या एका समजुतीचा उगम त्या ओळींत आहे, आणि त्या समजुतीपायीं सरळमार्गी लेखकांचें आजहि नुकसान होत आहे, असें माझें मत झालें आहे.

हें मत मजपाशीं पुस्तकांतून आलें नाहीं. तें माझ्या दारांत चालत आलें. गेल्या दिवाळीनंतर आमच्या रेणापुरांतील एक निवृत्त शिक्षक मजकडे आले. सारा गांव त्यांस गुरुजी म्हणतो, म्हणून मीहि तसेंच म्हणतों. तीस वर्षें त्यांनीं मुलांस बाराखडी शिकविली आणि रात्रीं कंदिलाच्या व पुढें विजेच्या उजेडांत कविता लिहिल्या. त्यांच्या काखेंत एक दिवाळी अंक होता. त्यांतील एक पान उघडून त्यांनीं माझ्यापुढें ठेवलें.

“सर, ही कविता माझी आहे. वर नांव मात्र दुसऱ्याचं आहे.”

मीं वाचली. दुष्काळांत आटलेल्या विहिरीवर होती, चांगली होती. “तुम्ही अंकवाल्यांना कळवलंत का, गुरुजी?”

“फोन केला की. ते म्हणाले, रजिस्टर केली होती का? मी म्हणालो, नाही. तर म्हणाले, कॉपीराइट काढलेला नसेल तर कविता कुणाचीच नसते. ज्यानं छापली त्याची.” मग क्षणभर थांबून ते म्हणाले, “आता एक जण म्हणतोय, सगळ्या वहीचा कॉपीराइट काढून देतो, पाच हजार पडतील. पेन्शनमधून देईन म्हणतो. काढावा का, सर?”

या लहानशा संवादांत आमच्या वाङ्मयव्यवहाराचें एक दुखणें सबंध सांपडतें. संपादकाचें उत्तर जितकें चुकीचें, तितकाच गुरुजींचा त्यावरील विश्वास शोचनीय. आणि त्या विश्वासावर पांच हजारांचा भाव लावणारा तिसरा गृहस्थ तर सर्वांत चतुर. परंतु मला विशेष विचार करावयास लावलें तें गुरुजींच्या एका क्रियापदानें. कॉपीराइट ‘काढावा’ का, असें ते म्हणाले. आपण सातबारा काढतों, रेशनकार्ड काढतों, जातीचा दाखला काढतों. जी वस्तु सरकारी कचेरींत असते आणि अर्ज, शुल्क व हेलपाटे यांच्या योगें बाहेर येते, तिला आपली भाषा हें क्रियापद लावते. स्वामित्वहक्क हीहि अशीच एक कचेरींतील वस्तु आहे अशी आपली खात्री झाली आहे. भाषेनें आपल्या अज्ञानाची कबुलीच देऊन ठेवली आहे म्हणावयाची!

ही खात्री आली कोठून? ती निराधार नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कंपनी सरकारनें १८४७ सालीं विसाव्या आक्टानें या देशांत ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा केला. तो १८४२ च्या इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर होता, आणि इंग्रजी कायद्याच्या मुळाशीं लंडनच्या मुद्रक-पुस्तकविक्यांच्या संघाची नोंदवही होती. ॲन राणीच्या कारकीर्दींतील १७१० च्या प्रसिद्ध कायद्यानेंहि त्या वहीस मान दिला होता. १८४७ च्या आक्टाप्रमाणें ग्रंथाची नोंद सरकारी वहींत झाल्यावांचून ग्रंथकर्त्यास चोरावर दावा लावतां येत नसे. पुढें १८६७ चा पंचविसावा आक्ट आला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारांत पोंचाव्या, त्यांची यादी व्हावी आणि देशी छापखान्यांत काय निघतें तें सरकारास कळावें, हा त्याचा उद्देश. सत्तावनच्या उठावास तेव्हां दहाच वर्षें झालीं होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या जिज्ञासेचें कारण निराळें सांगावें लागत नाहीं. परंतु या आक्टानें ग्रंथकारांची एक सोयहि केली: यादींतील नोंदीसाठीं दोन रुपये भरले असतां तीच नोंद १८४७ च्या कायद्याखालील नोंद समजली जाई.

येथूनच ती ओळ जन्मास आली. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठामागें, सन १८६७ च्या पंचविसाव्या आक्टाप्रमाणें पुस्तक रजिस्टर करून सर्व प्रकारचे हक्क कर्त्यानें आपणाकडे ठेवले आहेत, अशा आशयाचा मजकूर छापलेला वाचकांनीं पाहिला असेल. किती पिढ्यांच्या नजरेखालून ती ओळ गेली! तिची वाक्यरचनाच अशी कीं, आधीं रजिस्टर आणि मग हक्क; एक कारण, दुसरें कार्य. व्याकरणाच्या एका पूर्वकालवाचक धातुसाधितानें, ‘रजिस्टर करून’ या दोन शब्दांनीं, कायद्याचें सारें तत्त्वज्ञान उलटें करून मराठी मनांत रुजविलें. वस्तुतः त्या काळींहि नोंद नसल्यास फक्त कोर्टाचें दार बंद राही. खुद्द हक्क नोंदींतून उत्पन्न होतो असें कायद्याचें म्हणणें नव्हतें. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसास हा भेद कोण समजावून सांगणार?

आमच्या मराठवाड्यासंबंधानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. इंग्रजी मुलखांतील आक्ट येथें आपोआप चालत नसत. पण पुण्यामुंबईचीं पुस्तकें येत, आणि त्यांच्या पाठीवरून ती ओळहि येई. म्हणजे जो कायदा आमचा नव्हता, त्याची भीति मात्र आम्हीं इमानानें आयात केली.

इकडे मूळ कायदा केव्हांच बदलून गेला होता. १८८६ सालीं बर्न शहरीं निरनिराळ्या राष्ट्रांनीं एकमेकांच्या लेखकांचे हक्क मान्य करण्याचा करार केला, आणि १९०८ सालीं बर्लिन येथें त्याची सुधारणा होऊन असें ठरलें कीं, हक्काचा उपभोग व त्याचें संरक्षण हीं कोणत्याहि औपचारिक विधीवर अवलंबून राहूं नयेत; नोंद नको, शिक्का नको, ठराविक शब्दांची ओळहि नको. इंग्लंडनें हें तत्त्व १९११ च्या कायद्यांत घेतलें, आणि १९१४ च्या तिसऱ्या आक्टानें तो कायदा फेरफारांसह हिंदुस्थानास लागू झाला. १८४७ चा आक्ट रद्द झाला. नोंदीची सक्ती गेली. आपला आजचा कायदा १९५७ चा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलांत आला. त्यांत नोंदवहीची योजना पुनः आहे, परंतु नोंद करावी कीं न करावी हें कर्त्याच्या खुषीवर सोडलेलें आहे. इतकेंच काय, १८६७ चा तो पंचविसावा आक्टहि आतां उरला नाहीं. त्याच्या जागीं नियतकालिकांपुरता १ मार्च २०२४ पासून नवा कायदा आला आहे. ज्या आक्टाच्या नांवानें ती ओळ छापली जाई तो इतिहासजमा झाला. ओळीनें निर्माण केलेली समजूत मात्र गुरुजींच्या वहीपर्यंत येऊन पोंचली.

यावर कोणी म्हणेल कीं, सामान्य माणसाचा गैरसमज झाला यांत नवल काय? नवल नाहीं, कारण न्यायमंदिरांतहि एकदां तो शिरला होता. २०१२ सालीं मुंबई उच्च न्यायालयांतील एका न्यायमूर्तींनीं, संगणकप्रणालीच्या नकलेसंबंधींच्या धीरज देवाणी विरुद्ध सोनल इन्फो सिस्टिम्स या वादांत, नोंद केल्यावांचून कर्त्यास कायद्याचे उपाय मिळणार नाहींत असा निर्णय दिला. नऊ वर्षें त्या निर्णयाचा आधार प्रतिवादी घेत राहिले. अखेर मार्च २०२१ मध्यें संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग कंपनी या वादांत त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ति गौतम पटेल यांनीं तो मुद्दा मुळापासून तपासला. वादाची वस्तु कांहीं महाकाव्य नव्हती. ती होती सोयाबीन तेलाच्या पुडक्यावरील वेष्टणाची चित्ररचना. लातूरच्या अडतबाजारांत सोयाबीनचे ढीग पाहत वाढलेल्या आम्हां लोकांस, मराठी कवींच्या हक्काचा प्रश्न सोयाबीनच्या तेलानें निकालांत काढावा, याचें मोठें कौतुक वाटतें.

त्या निकालाचा युक्तिवाद साहित्याच्या अभ्यासकानेंहि समजून घेण्यासारखा आहे. व्यापारचिन्हांच्या कायद्यांत, नोंद न केलेल्या चिन्हाच्या उल्लंघनाबद्दल दावा लावतां येणार नाहीं, असें स्पष्ट कलम आहे. स्वामित्वहक्काच्या कायद्यांत तसें कलम कोठेंहि नाहीं. विधिमंडळास जें सांगावयाचें होतें तें एका ठिकाणीं त्यानें सांगितलें आणि दुसऱ्या ठिकाणीं सांगितलें नाहीं. तेव्हां न सांगितलेलें आपण घुसडणें हा अर्थ लावणें नव्हे, तो प्रक्षेप होय. शिवाय त्याच न्यायालयाच्या १९९७ व २००६ सालच्या निर्णयांत नोंद आवश्यक नाहीं असें आधींच ठरलें होतें, आणि २०१२ च्या निर्णयांत त्यांचा विचार झाला नव्हता. म्हणून तो बंधनकारक नाहीं. चित्र काढलें, कविता लिहिली, चाल बांधली, त्याच क्षणीं हक्क जन्मतो. नोंद त्यानंतर होते, झाली तर. पोथींतील मूळ पाठ आणि मागाहून घुसलेला पाठ यांचा विवेक करणाऱ्या संशोधकास ही रीत परकी वाटूं नये.

हा विचार शेतकऱ्याच्या घरीं एका वाक्यांत पटतो. फेरफाराची नोंद झाली म्हणजे जमीन आपली होते, असें गांवोगांव समजतात. परंतु महसुली नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं, ती नोंद मुख्यतः साऱ्याच्या हिशेबासाठीं असते, हें सर्वोच्च न्यायालयानें वारंवार सांगितलेलें आहे. जमीन वारसानें, खरेदीनें किंवा बक्षिसानें येते; तलाठी ती देत नाहीं, तो फक्त लिहून ठेवतो. मग जी वस्तु वारसानें किंवा खरेदीनें नव्हे, तर माणसाच्या स्वतःच्या अंतःकरणांतून आली, ती त्याची ठरण्यास दिल्लीच्या कचेरीची वाट कां पाहावी?

आमच्या जुन्या कवींस हें ठाऊक होतें. त्यांच्यापाशीं आक्ट नव्हता, पण नाममुद्रा होती. अभंगाच्या शेवटच्या चरणांत संत आपलें नांव घालीत. शाहीर लावणीच्या अखेरच्या कडव्यांत आपली छाप ठेवीत. ती केवळ सही नव्हे. रचनेच्या वृत्तांत, यमकांत आणि अर्थांत विणलेली ती मालकीची खूण होती, आणि ती रचनेबरोबरच जन्मास येई. म्हणूनच ती बदलणारास चोर म्हणत. सालोमालो नांवाचे कोणी हरिदास तुकोबांच्या अभंगांतील नांव काढून तेथें आपलें घालीत आणि काव्य आपलेंच म्हणून मिरवीत, असें परंपरा सांगते. गाथेंत त्यांस उद्देशून तुकोबांचे खरमरीत उद्गार आहेत. तुकोबांनीं कोणत्या कचेरींत नोंद केली होती, असा प्रश्न त्या काळीं कोणास सुचला नाहीं. अभंग तुकोबांचे आहेत याला साक्ष होती टाळकऱ्यांची, ऐकणारांची, आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनीं लिहून ठेवलेल्या वह्यांची. संताजींच्या वह्यांनीं अभंग तुकोबांचे केले नाहींत; त्यांनीं ते तुकोबांचे आहेत हें जपून ठेवलें. नोंदवहीचा खरा अधिकार एवढाच. ती साक्षीदार आहे, जन्मदात्री नव्हे.

साक्षीदार आहे म्हणजे निरुपयोगी आहे, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. येथें प्रतिपक्षाचें म्हणणें नीट ऐकून घेतलें पाहिजे. गरीब लेखकापाशीं वकील नाहीं, ओळख नाहीं, शहर नाहीं; अशा वेळीं सरकारी शिक्क्याचा एक कागद त्याच्या बाजूनें बोलत असेल तर तो त्यानें कां मिळवूं नये? हें अगदीं खरें आहे. १९५७ च्या कायद्याच्या ४८ व्या कलमाप्रमाणें नोंदवहींतील मजकूर प्रथमदर्शनीं पुरावा मानला जातो. म्हणजे तो खोटा आहे हें सिद्ध करण्याचें ओझें समोरच्या पक्षावर पडतें. वाङ्मयीन कृतीच्या नोंदीचें सरकारी शुल्क २०१३ च्या नियमांप्रमाणें ५०० रुपये आहे. अर्ज घरबसल्या संगणकावरून करतां येतो. आक्षेपासाठीं तीस दिवस थांबावें लागतें. ज्या कृतीवर पैसा लागावयाचा आहे, चित्रपट निघावयाचा आहे, किंवा जिच्याविषयीं तंटा संभवतो, तिची नोंद करणें शहाणपणाचें आहे. अमेरिकेंत तर तेथील कृतीबद्दल दावा लावण्यापूर्वीं आजहि नोंद करावी लागते, आणि ती पूर्ण झालेली असली पाहिजे असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं ठरविलें. तेव्हां नोंद करावी. पण विमा उतरवावा तशी करावी, देवाला नवस करावा तशी नव्हे.

कारण हा साक्षीदार फसूंहि शकतो. नोंद करणारी कचेरी कविता कोणाच्या अंतःकरणांतून आली याचा शोध घेत नाहीं. अर्जांत लिहिलेलें ती तपासते आणि कोणी हरकत घेतली तर ऐकते. चोरानें आधीं अर्ज केला, आणि खऱ्या कवीस तीस दिवसांत पत्ताच लागला नाहीं, तर वहींत चोराचें नांव बसेल. ती नोंद दुरुस्त करवून घेण्याची तरतूद कायद्यांत आहे, हें ठीक. पण नोंद हाच हक्क असें आपण एकदां मानलें, तर त्या दुरुस्तीस आधार कसला? नोंदीवांचून हक्क नाहीं या मताचा शेवट असा होतो कीं, जो आधीं कचेरींत पोंचला तो कवि! शहरांतल्या माणसास कचेरी जवळ असते, खेड्यांतल्यास दूर. म्हणून हें मत केवळ चुकीचें नाहीं, तें अन्यायाचें आहे.

शिवाय या एका शब्दाभोंवतीं इतर अनेक वस्तूंची गर्दी झाली आहे. पुस्तकास जो तेरा आंकडी क्रमांक मिळतो तो ग्रंथव्यवहाराच्या सोयीचा क्रमांक आहे. त्यानें हक्क मिळत नाहीं. १९५४ च्या कायद्याप्रमाणें प्रकाशकानें राष्ट्रीय व इतर ठरलेल्या ग्रंथालयांस प्रती द्यावयाच्या असतात. त्यानेंहि हक्क मिळत नाहीं. स्वतःलाच टपालानें पाकीट पाठवून तें न फोडतां ठेवण्याची युक्ति कित्येक जण सांगतात. पाकिटास कायद्यांत कांहींहि विशेष मान नाहीं. आणि कशावर लिहिलें याला तर मुळींच महत्त्व नाहीं. आमच्या शेजारच्या अंबाजोगाईस दासोपंतांनीं कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला. आज कोणीं शाळेच्या वहीवर किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर लिहिला, तरी शब्दांनीं रूप घेतलें कीं काम झालें.

माझ्या मतें खरा धोका निराळ्याच कागदांत आहे, आणि नोंदीच्या भीतीनें आपण त्याकडे पाठ फिरवून बसलों आहों. तो कागद म्हणजे लेखक प्रकाशकास किंवा ध्वनिमुद्रिका काढणारास सही करून देतो तो करार. ज्यास आपला हक्क कविता लिहितांच जन्मला हें ठाऊक नाहीं, तो कवितासंग्रह छापून मिळतो या आनंदांत “सर्व हक्क कायमचे दिले” या वाक्याखालीं डोळे मिटून सही करतो. आपल्यापाशीं देण्यासारखें कांहीं होतें हेंच त्यास माहीत नसतें! कायदा येथें त्याच्या बाजूस उभा आहे. एकोणिसाव्या कलमाप्रमाणें हक्काचें दान लेखी व सहीनिशीं झालें पाहिजे. कोणती कृति, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हें त्यांत लिहिलें पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची समजावी, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता समजावा, असें त्यांत आहे. चित्रपटांत किंवा ध्वनिमुद्रिकेंत घेतलेल्या गीतांच्या कर्त्यांस मानधनाचा वांटा मिळण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीनें असा बांधून दिला आहे कीं, वारस किंवा कर्त्यांची संस्था यांवांचून इतरांस तो देऊन टाकतां येत नाहीं. आणि सत्तावन्नाव्या कलमानें दिलेला कर्तृत्वाचा हक्क, म्हणजे ‘ही माझी कृति आहे’ असें म्हणण्याचा आणि तिची विटंबना रोखण्याचा हक्क, पैशाचा हक्क विकल्यावरहि कर्त्याकडेच राहतो. मला हें कलम नाममुद्रेचें आधुनिक रूप वाटतें. पण हें सारें कवच अंगावर असून तें आहे हें माहीत नसलेला वीर रणांतून पळाला, तर दोष कवचाचा नव्हे.

एक इशारा मात्र उलट दिशेनेंहि दिला पाहिजे. हक्क आपोआप जन्मतो म्हणून तो अमर्याद आहे असें नाहीं. कल्पना कोणाच्याहि मालकीची नसते. ‘हम हिंदुस्तानी’ हें नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं हेंच सांगितलें: संरक्षण मांडणीला आहे, विषयाला नाहीं. आमच्या राजशेखरानें काव्यमीमांसेंत शब्दहरण आणि अर्थहरण यांचे जे सूक्ष्म प्रकार सांगितले आहेत, त्यांत हाच विवेक सहस्र वर्षांपूर्वीं केलेला आहे. उसनें घेऊन त्यास नवें रूप देणारा आणि जसेंच्या तसें उचलणारा यांस त्यानें एका पंक्तींत बसविलें नाहीं. आटलेल्या विहिरीवर उद्यां दहा कवींनीं कविता लिहिल्या तर गुरुजींस तक्रार करतां येणार नाहीं, आणि येऊंहि नये. हक्कास मुदतहि आहे. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं त्याची कृति समाजाची होते. पूर्वीं हीं वर्षें पन्नास होतीं, रवीन्द्रनाथांचे ग्रंथ मोकळे होण्याची वेळ आली तेव्हां तीं साठ झालीं. साने गुरुजी ११ जून १९५० रोजीं गेले; २०१० च्या अखेरीस ‘श्यामची आई’ साऱ्या महाराष्ट्राची झाली. रेणुकेच्या गोंधळांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेलीं पदें तर केव्हांच सर्वांचीं आहेत. त्यांवर कोणीं आपल्या नांवाची नोंद करून हक्क सांगूं लागला तर त्यास हंसून परत पाठवावें.

असो. गुरुजींस मीं पांच हजार देऊं दिले नाहींत. कविता कधीं लिहिली, असें विचारतां त्यांनीं वही आणली. तारीख तींत होतीच. पण त्याहून मोठा साक्षीदार त्यांच्या शाळेच्या कपाटांत निघाला. मुलांच्या हस्तलिखित वार्षिकांत ती कविता अकरा वर्षांपूर्वीं गुरुजींच्या नांवानें लिहिलेली होती. एका विद्यार्थ्यानें भोंवतीं विहिरीचें चित्र काढलें होतें, आणि खालीं मुख्याध्यापकांची सही व तारीख होती. त्या पानाची प्रत जोडून आम्हीं एक साधें पत्र लिहिलें. दोन महिन्यांनीं उत्तर आलें. नजरचूक झाली, दुरुस्ती छापूं, असें त्यांत होतें. दुरुस्ती आली ती दोन ओळींची, आणि टाइप मुखपृष्ठामागच्या ओळीइतकाच बारीक. पैसे कांहीं मिळाले नाहींत. गुरुजींनीं ते मागितलेहि नव्हते. तो अंक त्यांनीं आपल्या वहींत घडी करून ठेवला आणि मला विचारलें, “म्हणजे सर, लिहिली तेव्हाच ती माझी होती?”

“लिहिली तेव्हांच,” मीं म्हटलें.

गेल्या महिन्यापासून ते प्रत्येक कवितेच्या शेवटीं आपलें नांव गुंफूं लागले आहेत. वृत्त कधीं कधीं बिघडतें. परंतु या एका बाबतींत त्यांस तसें न करण्याचा सल्ला देण्याइतका मी कठोर टीकाकार नाहीं.